बेताल सायलेन्सर

ज्या वस्तूचं नावच सायलेन्सर, ती काखेत मारून माणसं पराग मगदूमच्या दारात यायची आणि म्हणायची, "साहेब, ह्याचा आवाज वाढवून द्या." असं म्हणणाऱ्याकडे पराग ज्या नजरेने बघायचा, ती चहाच्या कपात पडलेल्या माशीकडे बघायची नजर होती. गिऱ्हाइकांना मात्र तो मोठ्या इंजिनियरचा विचारीपणा वाटायचा, आणि त्यामुळे त्यांचा आदर आणखीच वाढायचा. याचीही परागला किळस यायची.

पुण्याच्या एका मोटार कंपनीत त्याने उमेदीची सगळी वर्षं आवाज कमी करण्यात घालवली होती. दार लावताना येणारा, वायपरचा, सीटच्या स्प्रिंगचा, असा एकेक आवाज शोधून तो मारत असे. मग विजेच्या गाड्या आल्या आणि मारण्यासारखा आवाजच उरला नाही. कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला. पराग कोल्हापुरात परतला आणि उद्यमनगरात वडिलांच्या बंद पडलेल्या कारखान्याचं शटर उघडून त्याने उलटा धंदा सुरू केला. पेट्रोलच्या नव्या मोटारसायकली विकायला बंदी होती, पण ज्यांच्याकडे जुन्या होत्या त्यांना त्या झिजून संपेपर्यंत चालवायची मुभा होती. अशा जुन्या गाड्यांभोवती तरण्या पोरांचे ग्रुप जमले होते. त्यांना वेग नको होता. वेगात विजेची गाडी त्यांना केव्हाच मागे टाकायची. त्यांना फक्त आवाज हवा होता, आणि तोही खोल, छातीत धडकणारा.

"खर्ज पाहिजे, सर," विश्वजित खराडे सांगायचा. "लांबनं कळलं पाहिजे कोण येतंय ते."

विश्वजित हा त्यातल्या सगळ्यात मोठ्या ग्रुपचा म्होरक्या. एका माजी नगरसेवकाचा पुतण्या, हीच त्याची आजवरची कमाई. गाडीवर बसताना तो सिंहासनावर बसल्यासारखा बसायचा आणि उतरल्यावर गाडीचा आरसा बघून मिशी ठीक करायचा. परागने त्याच्या गाडीला तीन वेळा सायलेन्सरची नळी बदलून दिली होती. नळीतली पोकळी मोठी केली, लांबी वाढवली की स्वर खाली उतरतो, एवढं साधं गणित. प्रत्येक वेळी विश्वजित खूश होऊन गेला होता. आणि आता तो गल्ल्यासमोरच्या खुर्चीत पडेल चेहऱ्याने बसला होता.

"काय झालं?" परागने विचारलं.

"रंकाळ्यावर गेलो होतो, सर. सगळी पोरं संगट होती. अक्खा तलाव गाजवला. एक माणूस मान वळवून बघंना. भेळ खात्यात, पोरं खेळवत्यात. एक म्हातारा तर माझ्या गाडीसमोर पेपर वाचत बसला. मी एका जागेवर उभारून रेस करतोय, आन् ह्यो पान उलटतोय."

परागला हसू आवरलं नाही. "कानात निवांत असेल."

"सगळ्यांच्याच कानात हाय की."

ते खरं होतं. 'निवांत' ही शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं. सुरुवातीला विमानतळावरची माणसं ती वापरायची, मग ऑफिसातली, आणि आता बँकेत खातं काढलं तरी फुकट मिळायची. ती कानात घातली की आपल्याला नको तो आवाज जगातून वजा होत असे. नव्या आवृत्तीत तर एखाद्या ठरावीक माणसाचा आवाजही वगळता यायचा. कितीतरी घरांतली भांडणं त्यामुळे मिटली होती, म्हणजे एकतर्फी चालू राहिली होती. गाड्यांच्या आवाजाबद्दल पोलिसांत तक्रार करणारंच कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे पोलिसांनी आवाज मोजायची यंत्रं कपाटात टाकली होती. विश्वजितची मंडळी आता हवा तेवढा गोंगाट करायला मोकळी होती, आणि तो ऐकायला कुणी नव्हतं.

"सर, ह्याच्यावर कायतरी काढा," विश्वजित म्हणाला. "आमाला मुकं केलंय त्यांनी."

परागला त्याची कीव आली नाही. पण त्या संध्याकाळी घरी जाताना एक विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला, आणि त्याचं मूळ विश्वजितच्या दुःखात नव्हतं. सिग्नलला थांबलेली माणसं तो बघत होता. प्रत्येकाच्या कानात ते दाणे, प्रत्येकाच्या तोंडावर तेच पेंगुळलेलं समाधान. रुग्णवाहिकेचा भोंगा निवांत आत येऊ देत असे, कारण कायद्याने तसं बंधन होतं. बाकी शहर त्यांच्यापुरतं मेलेलं होतं. ऐकवायला धडपडणाऱ्या मूर्खांचा परागला तिटकारा होता, पण न ऐकण्यासाठी यंत्र विकत घेणारी ही जमात त्याला त्याहून खालची वाटली. ती आपल्या सोयीला शांतता समजत होती. शांतता म्हणजे काय हे परागला ठाऊक होतं. त्याने ती हाताने घडवली होती.

निवांत काम कसं करतं, हेही त्याला ठाऊक होतं. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. लाट वर असेल तेव्हा नेमकी तेवढीच खाली असलेली दुसरी लाट सोडली, की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि कानाला काहीच पोचत नाही. अडचण एकच. ही उलटी लाट अगदी क्षणावर सुटायला हवी, म्हणून पुढची लाट कशी येणार हे यंत्राला आधीच ओळखावं लागतं. चिमण्यांचा कलकलाट ओळखणं अवघड. पण इंजिनाचा आवाज ठेक्यात येतो. धक्क्यामागून धक्का, तेच अंतर, तोच जोर. त्यातही स्वर जितका खोल, तितकी लाट लांब आणि संथ, आणि तितकी ती ओळखायला सोपी. म्हणजे हे वीर ज्या खर्जासाठी जीव टाकत होते, तोच पुसून टाकायला सगळ्यात सोपा होता. परागला हे सुचलं तेव्हा तो एकटाच मोठ्याने हसला.

मग यंत्राला ओळखताच येणार नाही असा ठेका हवा.

पुढचे काही आठवडे पराग वर्कशॉपमध्ये स्वतःला गाडून घेऊन काम करत होता. नळीच्या पोटात त्याने लहानमोठ्या लांबीच्या आडवाटा काढल्या आणि त्यांच्या तोंडाशी पोलादाची पातळ झडप बसवली. इंजिनाचा प्रत्येक धक्का यातल्या कोणत्या वाटेने जायचा, हे झडप ठरवायची, आणि झडपेला हुकूम द्यायची नखाएवढी चिप. चिपमध्ये परागने एक सूत्र भरलं होतं. त्या सूत्रातून निघणाऱ्या आकड्यांच्या माळेत पुढचा आकडा कोणता, हे बाहेरून बघणाऱ्याला कधीच ओळखता येत नसे. त्यामुळे एक धक्का किंचित लवकर पोचायचा, दुसरा उशिरा, तिसरा कुठल्या तरी मधल्याच क्षणी. माणसाच्या कानाला हे घोगऱ्या, दाट गुरगुरण्यासारखं लागत होतं. पण निवांतची उलटी लाट दर वेळी चुकत होती. खाली जायच्या जागी ती वर जात होती, आणि मूळच्या लाटेवर आणखी एक लाट चढत होती. आवाज पुसायला निघालेलं यंत्र स्वतःच तो दुप्पट करत होतं. आपण हरतोय हे कबूल करण्याची सोय निवांतच्या कर्त्यांनी त्यात ठेवली नव्हती. हरतोय असं दिसलं की ते आणखी जोर लावायचं. परागने त्या इंजिनियरांनाही मनातल्या मनात एक शिवी हासडली.

त्याने नळीला नाव दिलं 'बेताल'. ही गिऱ्हाइकांची चेष्टा होती. गिऱ्हाइकांना ते नाव फार आवडलं.

रविवारी सकाळी रंकाळ्यावर पहिली चाचणी झाली. पराग कठड्यावर बसला होता, कानात काहीही न घालता. विश्वजितने लांबूनच गाडी आणली. उघड्या कानाला तो आवाज नेहमीच्या नळीपेक्षा फार मोठा नव्हता. पण काठावरची माणसं एखाद्याने पाठीत गुद्दा घालावा तशी दचकली. एका बाईच्या हातातली भेळ सांडली. पळणारा एक तरुण जागीच थांबला आणि दोन्ही हातांनी कान झाकू लागला. त्यामुळे आवाज आणखी आतच कोंडला जात होता. अखेर त्याने दाणे उपटून काढले आणि ते आपल्याला चावले असावेत तसा तो त्यांच्याकडे बघत राहिला. काठाकाठाने माणसं कान मोकळे करत गेली. पेपर वाचत बसणारा तो म्हातारा उभा राहिला होता.

विश्वजित गाडी थांबवून परागच्या पायाशी वाकला. "सर, नाद खुळा काम केलंय तुम्ही."

"पाया पडू नकोस," पराग म्हणाला. पण तो खूश होता. विश्वजितने विचारलं, "लोकांच्या कानाला काय इजा बिजा तर न्हाई न्हवं?" तेव्हा पराग म्हणाला, "कानात खुंटी ठोकून फिरणाऱ्यांची दया कसली करायची? नको असेल तर काढतील."

महिन्याभरात शहरातल्या झाडून सगळ्या जुन्या गाड्यांना बेताल लागली.

परागची बायको सुनेत्रा यातलं काही विचारत नसे. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या केंद्रात त्यांना बोलायला शिकवणं हे तिचं काम होतं, आणि दिवसभर एकेक अक्षर घडवून ती घरी यायची तेव्हा नळ्यांची चर्चा करायचं त्राण तिच्यात नसायचं. तिच्या मुलांच्या कवटीत शस्त्रक्रियेने एक बारीक तार बसवलेली असे, आणि कानामागे चुंबकाने चिकटणारं यंत्र बाहेरचा आवाज त्या तारेला विजेच्या रूपात पोचवत असे. पण यंत्र लावलं म्हणजे मूल ऐकू लागलं असं होत नाही. आधी नुसता गोंधळ पोचतो. त्यातून आईचा आवाज कोणता, पंख्याचा कोणता, हे वेगळं काढायला वर्ष, दोन वर्षं जातात. सुनेत्रा स्वतः निवांत वापरत नव्हती. ती म्हणायची, "मी दिवसभर मुलांना ऐक म्हणून सांगते. मग मीच कशी कान बंद करू?"

सध्या तिच्या तोंडी शाल्मली सुतार या सहा वर्षांच्या मुलीचं नाव असे. शाल्मलीच्या आईने, दीपालीने, मुलीला ऐकू येत नाही हे कळायच्या आधी हौसेने हे नाव ठेवलं होतं, आणि आता ते बिचारीच्या जिभेला झेपत नव्हतं. ती स्वतःला 'शामी' म्हणायची. पण दिवाळीपासून ती वाक्यं बोलू लागली होती. 'आई, पाणी दे.' 'कुत्रा ओरडला.' सुनेत्राने ती वाक्यं घरी येऊन परागला, बक्षीस मिळाल्यासारखी, म्हणून दाखवली होती.

त्या गुरुवारी सुनेत्रा आली आणि चप्पल न काढता सोफ्यावर बसली.

"शाल्मलीने यंत्र काढून फेकलं," ती म्हणाली.

"मुलं काढतात की."

"तशी नाही काढत. दीपाली तिला घेऊन बसस्टॉपवर उभी होती. कुणा खराडे नावाच्या माजी नगरसेवकाच्या प्रचाराची मोटारसायकल रॅली चालली होती. मुलगी एकदम किंचाळली आणि यंत्र ओरबाडून तिने गटारात टाकलं. कानामागचं कातडं सोललंय. आता नवं यंत्र नुसतं दाखवलं तरी टेबलाखाली शिरते. एक शब्द बोलत नाही. 'आई'सुद्धा नाही." सुनेत्राने आता कुठे चप्पल काढली. "डॉक्टर म्हणाले, नसेला इजा नाही, यंत्राला वरची मर्यादा असते. पण त्या मर्यादेपर्यंत सगळं एकदम भरून गेलं असणार. सहा वर्षांची मुलगी, तिला काय कळणार कुठून आलं ते? मला कळत नाही, आजूबाजूला कुणालाच एवढा त्रास झाला नाही."

परागला मात्र ती सांगत असतानाच कळलं. गोंगाट गाळायचं सॉफ्टवेअर त्या यंत्रवाल्यांनी स्वतः कशाला लिहावं? त्यांनी निवांतकडूनच घेतलं असणार. बाकीच्यांनी दाणे उपटून काढले आणि शिव्या देत घरी गेले. या मुलीच्या बाबतीत तो आवाज कानात नव्हता, डोक्यातच होता.

"तुला चहा करू?" त्याने विचारलं.

त्याने काहीच सांगितलं नाही. स्वतःशी त्याने याला बरीच कारणं दिली. सॉफ्टवेअर आपलं नाही, रॅली आपली नाही, चूक यंत्रवाल्यांची आहे. कारणं सगळी खरी होती आणि त्यातलं एकही सुनेत्रासमोर उच्चारण्याची त्याची हिंमत नव्हती. आठवडा असाच गेला. मग सुनेत्राच्या केंद्रातल्या तंत्रज्ञाने गटारातून काढलेलं यंत्र सुकवून त्यात साठलेला आवाज तपासला, तर त्यात इंजिनाचा ठेका चुकणारा आवाज निघाला, आणि विश्वजितच्या गाडीवरचं 'बेताल, उद्यमनगर' हे स्टिकर रॅलीच्या फोटोत सगळ्यांना वाचता येत होतं.

जेवताना तिने विचारलं, "तुला त्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो."

"आणि तू मला चहा विचारलास."

"सुनेत्रा, यात तांत्रिक दोष कुणाचा ते बघ. मी फक्त—"

"तू फक्त काय? तू त्या पोरांना मूर्ख म्हणतोस. निवांतवाल्यांना मूर्ख म्हणतोस. इतके दिवस मला वाटायचं, हा माणूस कामाबद्दल कडक आहे." तिने ताट बाजूला सारलं. "तू कडक नाहीस, पराग. तुला कोणी माणूसच दिसत नाही. सगळे तुझ्या प्रयोगातले उंदीर."

दुसऱ्या दिवशी ती केंद्रातून आली तेव्हा तिच्या कानात निवांत होतं. परागने तिला हाक मारली. तिने वळून बघितलं नाही. त्याने जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुझा आवाज वगळलाय. काही हवं असलं तर लिही." आणि ती फोनवर बहिणीशी बोलू लागली. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, शेजारच्या घरातला रेडिओ, सगळं तिला ऐकू येत होतं. पराग स्वयंपाकघरात तिच्या पाठीमागे उभा राहून बोलला, आधी समजावणीच्या सुरात, मग चढ्या, मग आणखी चढ्या. ती कोथिंबीर निवडत होती. आपण ओरडतोय, एका जागी उभे राहून ओरडतोय, हे लक्षात आल्यावर तो एकदम थांबला. अंगणात जाऊन बसला.

निवांतच्या कंपनीकडून त्याला बरेच दिवस फोन येत होते. सूत्र द्या, आमच्याकडे मोठ्या पदावर या, अशी बोलणी. तो फोन घेऊन थोडा वेळ त्यांचा अपमान करायचा आणि ठेवून द्यायचा. या वेळी त्याने स्वतः फोन केला.

"सूत्र पाठवतो," तो म्हणाला. "त्यावरून झडप पुढच्या क्षणी काय करणार ते तुमच्या यंत्राला आधीच कळेल. पण आधी ते मुलांच्या कानामागच्या यंत्रात घाला, मग तुमच्या दाण्यांत. आणि हरल्यावर गप्प बसायचं कसं, तेही त्याला शिकवा. ते शिकवायला तुम्ही विसरला होता."

"पदाबद्दल आपण कधी बोलायचं, मगदूम सर?" पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला.

"तुमच्याकडे येऊन मी काय करू? मला तुम्ही आवडत नाही."

सुधारणा शहरभर पोचायला फार वेळ लागला नाही. ती पोचल्याची बातमी विश्वजितने आणली. तो वर्कशॉपमध्ये शिरला तो गाडी दाराबाहेर नीट न लावताच.

"सर, परत तेच झालं. कोण बघंना."

"मीच सूत्र दिलं त्यांना."

विश्वजितला आधी ते समजलंच नाही. समजल्यावर त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "का?"

परागने त्याला शाल्मलीबद्दल सांगितलं. विश्वजितने ऐकून घेतलं, मान हलवली. "पोरीचं वाईट झालं. खरंच वाईट झालं. काकाला सांगून मदत बिदत करू तिला." आणि मग खुर्ची पुढे ओढून, "पर सर, आता नवी चाल टाका की. दुसरं सूत्र. तुमाला काय अवघड हाय?"

"तुला मी काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं की. पर तुम्हीच म्हणला होता, कानात खुंटी ठोकून फिरणाऱ्यांची दया कसली करायची म्हणून. आमी सगळी पोरं त्येच म्हणतोय तवापास्नं. गाडीवर लिवून घेतलंय दोघातिघांनी."

परागने खिडकीतून बाहेर बघितलं. विश्वजितच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर चकचकीत अक्षरांत ते वाक्य होतं. खुंटी या शब्दात एक चूकही होती. आपल्या तोंडून निघालं तेव्हा ते वाक्य किती धारदार वाटलं होतं. खरं तर ते अशाच टाकीवर शोभणारं होतं. विश्वजितला हिणवायला त्याला नवा शब्द शोधावा लागला असता, आणि जो सापडेल तो स्वतःलाही लागू पडणार हे त्याला स्पष्ट दिसत होतं. झडपा कापायचा साचा त्याने उचलला, कटरखाली धरला आणि त्याचे दोन तुकडे केले. विश्वजित ठिणग्यांपासून मागे सरला.

"येडं झालंय हे," बाहेर पडताना तो कुणाला तरी फोनवर सांगत होता. "इंजिनियर लोकांचं असंच असतंय."

शाल्मली मात्र यंत्र लावेना. यंत्र आता सुरक्षित आहे, हे मोठ्यांना कळत होतं, तिला कोण सांगणार? परागने कागदावर लिहून सुनेत्राला विचारलं, 'मी दीपालीताईंना भेटू?' तिने तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "चल."

दीपाली घरात ब्लाउज शिवत होती. पराग बोलत असताना तिने मशीन थांबवलं नाही. शेवटी तिने धागा दातांनी तोडला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही मुद्दाम लोकांच्या कानात जावा म्हणून तो आवाज केला?"

"हो."

"आणि लोकं तो लावायला पैसे देतात तुम्हाला?"

"हो."

"कसली माणसं म्हणायची." ती सुनेत्राकडे वळली, जणू पराग तिथून निघून गेला होता. "मॅडम, तिला वाटतं तो आवाज त्या यंत्रातच राहतो. कुठून आला ते तिला दाखवलं तर?"

म्हणून शनिवारी दुपारी ते चौघं उद्यमनगरात जमले. परागने शटर अर्धं ओढून घेतलं. शाल्मलीच्या कानामागे काहीच नव्हतं, फक्त भरून आलेली जखम. यंत्राची डबी सुनेत्राच्या पर्समध्ये होती. तिने स्वतःच्या कानातलं निवांत काढून ठेवलं होतं. कामाच्या वेळी ती ते घालत नसे. परागकडे तिने बघितलं नाही.

लोखंडी घोडीवर जुनं इंजिन बसवलेलं होतं आणि त्याला शेवटची उरलेली बेताल. सुनेत्राने मुलीसमोर उकिडवं बसून हातवारे करून सांगितलं. रस्ता. गाड्या. तो आवाज. मग तिने नळीकडे बोट केलं. शाल्मली नळीकडे बघत राहिली. मग बोट परागकडे गेलं. हा. याने केलं. मुलीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

परागने इंजिन अगदी हळू सुरू केलं. तिला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पण जमीन थरथरली तशी तिने आईचा पदर पकडला. नळी तापते, म्हणून परागने स्वतःचा तळवा घोडीच्या लोखंडावर ठेवून दाखवला. बऱ्याच वेळाने तिने आपला तळवा तिथं टेकवला. सुनेत्राने तिला ढोलकीवर हात ठेवून ठेका धरायला शिकवलं होतं. तिने दुसऱ्या हाताच्या बोटांनी मांडीवर ठेका धरायला सुरुवात केली. एक, दोन, आणि बोट चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकलं. धक्का हवा तिथं येत नव्हता, नको तिथं दोन येत होते. ती कपाळाला आठ्या घालून चिकाटीने धरत राहिली. नासलेलं दूध तोंडात आल्यासारखा तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. भीती कधी गेली ते कळलं नाही. तिने तळवा उचलून फ्रॉकला पुसला आणि परागकडे बघितलं.

"बं," ती म्हणाली. तिचा आवाज जाडाभरडा आला, इतके दिवस न वापरल्यासारखा. तिने ओठ ओले केले. "बंद. कर."

दीपालीने तोंडावर हात ठेवला. परागने चावी फिरवली. इंजिन दोनचार आचके देऊन थांबलं.

शाल्मलीने घोडीवर पुन्हा हात ठेवून पाहिलं. तेवढ्याने तिचं समाधान झालेलं दिसेना. असलं काही बनवणाऱ्या माणसाच्या लोखंडावर किती विश्वास ठेवायचा, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं. ती सुनेत्राकडे गेली, पर्सवर बोट आपटलं आणि हात पुढे केला. सुनेत्राने डबी उघडली. ती पुढे केली, पण यंत्र लावायला मदत केली नाही. मुलीने स्वतःच यंत्र कानामागे चिकटवलं, हिरवा दिवा लागेपर्यंत दाबून धरलं, आणि मान तिरकी करून, परागवरची नजर न काढता, इंजिन खरोखर बंद झालंय की नाही हे ती ऐकू लागली.